मोकाशी मास्तरांची भाषेची व्याख्या

"पुन्हा म्हणा," हे मोकाशी मास्तरांचं पालुपद होतं. टांगेवाल्यानं घोड्याला काही म्हटलं, मिठागराकडून डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईनं मिठाचा भाव सांगितला, शाळेच्या शिपायानं खोकत खोकत निरोप दिला, की मास्तर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पुन्हा म्हणा." पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, हे गृहस्थ कानानं कमी आहेत. तो बिचारा ओरडून सांगायचा. मास्तरांना ओरडलेलं नको असायचं. बोलताना त्या माणसाची जीभ टाळूला कुठं टेकते, एवढंच त्यांना हवं असायचं.

ठाण्याच्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले, तिथं ते माझ्या आधीपासून मराठी शिकवत होते. स्वातंत्र्य नवं होतं, शाळा जुनी होती, आणि मास्तर दोहोंत न बसणारे होते. उंच, किडकिडीत, काळी टोपी, कोटाच्या दोन्ही खिशांत खडू. व्याकरण शिकवून झालं की उरलेल्या वेळात ते मुलांना भाषाशास्त्र सांगायचे. अभ्यासक्रमात ते नव्हतं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मुलं ते आवडीनं ऐकायची.

दर वर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक व्याख्या लिहायचे. "भाषा म्हणजे मुखावाटे निघणाऱ्या ध्वनींची, समाजाने मान्य केलेली व्यवस्था." मग एकेका शब्दाखाली रेघ मारायचे. ध्वनी का, तर माणूस आधी बोलला आणि फार नंतर लिहायला शिकला. मान्य का, तर शब्दाचं आणि वस्तूचं जन्माचं नातं नसतं. व्यवस्था का, तर नुसता आवाजांचा ढीग कोणाच्या कामाचा नाही. ही व्याख्या त्यांनी स्वतः बसवली होती आणि तिच्यातला एक शब्द इकडचा तिकडे केलेला त्यांना खपत नसे.

घोष आणि अघोष ध्वनी शिकवताना ते सगळ्या वर्गाला गळ्यावर बोटं ठेवायला लावत. "स म्हणा, लांबवा. काही हलतं? नाही. आता झ म्हणा. बघा, आत भुंगा आहे." एकदा सगळा वर्ग गळे धरून झझझ करत बसलेला असताना हेडमास्तर दारात आले. गावात तेव्हा घटसर्पाची कुजबुज चालू होती. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी शिपायाला डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टर बॅग घेऊन आले, तोवर मास्तर हेडमास्तरांच्याच गळ्यावर बोटं ठेवून भुंगा दाखवत होते.

एकदा त्यांनी फळा पुसायच्या डस्टरचं बारसं केलं. "ह्याला डस्टर म्हणा असं ह्यानं तुम्हांला सांगितलंय का? मग आजपासून हा गुबडू. दोन माणसांनी कबूल केलं की झाला शब्द. वस्तूला विचारायला कोणी जात नाही." मुलांना काय, तेवढंच पाहिजे होतं. आठवड्याच्या आत सगळी शाळा गुबडू म्हणायला लागली. शिपाई माझ्या वर्गात येऊन गंभीरपणे विचारून गेला, "बाई, तुमच्याकडं गुबडू हाय काय?" मीही त्याच गंभीरपणे दिला.

पण ज्या गोष्टीसाठी मी त्यांना मानू लागले ती वेगळी. माजिवड्याहून चालत येणारी चांगुणा नावाची एक मुलगी होती. बाप शेती करायचा आणि हंगामात मिठागरावर जायचा. तपासणीला शिक्षणखात्याचे डिपोटी आले तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला आणि चांगुणानं हात वर केला. "मना ठाव हाय." डिपोटी हसले, म्हणून वर्ग हसला. मास्तर नाही हसले. त्यांनी फळ्यावर 'मला' लिहिलं, शेजारी तेवढ्याच आकारात 'मना' लिहिलं, आणि म्हणाले, "साहेब, ही दोन्ही आपापल्या घरी सुखानं नांदतायत. हिचं चुकलेलं नाही. ही तुमच्यापेक्षा वेगळ्या घरातून आली आहे, एवढंच." मग चांगुणाकडं वळून म्हणाले, "हं, काय ठाव हाय ते सांग." तिनं सांगितलं, बरोबर सांगितलं. मास्तरांची त्या वर्षीची पगारवाढ त्यात गेली असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. मास्तरांनी त्याची चौकशीसुद्धा केली नाही.

मास्तर आणि मी ठाण्यातच, खोपटला एकाच बैठ्या चाळीत राहायचो. मधे दोन खोल्या आणि एक समाईक ओटा. त्यामुळं शाळेतले मास्तर आणि घरातले मास्तर मला दोन्ही दिसायचे.

त्यांना एकच मुलगी होती, कुमी. जन्मतःच तिला ऐकू येत नव्हतं. हे कळायलाच वर्ष गेलं आणि पटायला आणखी एक. ज्या माणसानं उभा जन्म लोकांचे आवाज ऐकण्यात घालवला त्याच्या घरी ही मुलगी यावी, याचा मला फार राग यायचा. कोणावर ते सांगता येत नाही.

कुमी मात्र रडवी नव्हती. तिची आई इंदिरावहिनी आणि ती दिवसभर बोलत असायच्या, हातांनी. कुठून शिकल्या नव्हत्या. चुलीपुढं बसल्या बसल्या दोघींनी मिळून ते जमवलं होतं. बोटांची टोकं एकमेकांवर घासली की भात. मूठ कानाशी नेऊन हलवली की नारळ. मनगटावरून हात मागं टाकला की काल, पुढं टाकला की उद्या. आणि नुसत्या वस्तू नव्हेत, बरं का. विहिरीत साप पडला होता तो काढायला कोण आलं, कोण घाबरून पळालं, कोणाचं धोतर सुटलं, हे सगळं कुमीनं एकदा ओट्यावर बसून आईला सांगितलं होतं आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला निम्मं कळलं तरी मीही हसले. रोज बघून बघून मला त्यातलं थोडंफार यायला लागलं होतं.

मास्तरांना ते बघवत नसे. बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या मुंबईच्या कोणा जाणकाराला ते भेटून आले होते. त्यानंही हेच सांगितलं होतं, की हातवारे करू दिले तर तोंडाची सवय लागणार नाही. मास्तरांच्या व्याख्येत ते तंतोतंत बसलं. त्या दिवसापासून घरात नियम झाला, हात मांडीवर. जेवताना कुमीनं पाणी हवं म्हणून खूण केली की मास्तर तिचे दोन्ही हात हलकेच धरायचे, एकावर एक ठेवायचे, वरून आपला तळवा दाबायचे, आणि तोंडानं म्हणायचे, "पाणी." ती तोंडानं म्हणेपर्यंत पाणी नाही. त्यांनी तिला कधी मारलं नाही, कधी आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तरी तिला कुठं कळणार होता.

संध्याकाळी शाळेतून आले की चहाच्या आधी तिला समोर घेऊन बसायचे. तिचं बोट आपल्या गळ्यावर, स्वतःचं तिच्या गळ्यावर. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायचे. प म्हटला की पट्टी जराशी हलली पाहिजे, फ म्हटला की उडाली पाहिजे. कुमी जीव तोडून करायची. कपाळावर घाम यायचा. पट्टी उडाली की ती आधी बापाच्या तोंडाकडं बघायची, आणि मास्तर असे हसायचे की वर्गातल्या कोणत्याही पोरानं ते हसू पाहिलेलं नव्हतं. तिच्यावर त्यांचा फार जीव होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना कठोर म्हणेल, आणि ते मला सहन होणार नाही.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, ती बोलतेच आहे की."

"ते बोलणं नव्हे, बाई. खुणा आहेत त्या. खुणा बैलालाही कळतात."

वहिनी आत भाकरी थापत होत्या. त्या कधी आमच्या बोलण्यात पडायच्या नाहीत. त्या दिवशी तशाच पिठाच्या हातानं दारात आल्या. "अहो, त्या माजिवड्याच्या पोरीच्या बोलीसाठी तुम्ही डिपोटीशी भांडलात. मग माझ्या पोरीनंच काय पाप केलंय?"

मास्तरांनी कागदाची पट्टी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "त्या पोरीला बोली आहे. हिला नाही. तू आणि मी आहोत तोवर ठीक आहे गं. आपल्या माघारी हिनं कोणाशी बोलायचं? एकटी पडेल ती."

वहिनी परत भाकरीकडं गेल्या. त्या भीतीपोटीच ते सगळं चाललं होतं. कुमी शहाणी होती. बाप घरात असला की हात मांडीवर, बाप बाहेर पडला की गप्पा. आठ वर्षांची होईतो तिला तोंडानं चार-सहा शब्द यायला लागले होते. पाणी. बाबा. आई. दे. नको.

त्या पावसाळ्याच्या शेवटी वहिनींची आई पनवेलला अंथरुणाला खिळली म्हणून त्या तिकडं गेल्या. कुमीची शिकवणी बुडेल म्हणून मास्तरांनी तिला ठेवून घेतली. मी आहे शेजारी, काळजी करू नका, असं मीच वहिनींना म्हटलं होतं. दोन दिवसांनी कुमीला ताप भरला. तिनं जेवण टाकलं, दोनदा ओकली आणि कुशीवर मुटकुळं करून पडून राहिली. मास्तरांनी डॉक्टर आणले. ते चांगले होते, वयानं मोठे होते. पोट दाबून बघत त्यांनी मास्तरांना म्हटलं, "कुठं दुखतंय, कधीपासून, ते विचारा हिला. सगळं पोट ताठ धरून ठेवलंय पोरीनं. मला नेमकं कळत नाहीये."

मास्तर तिच्यासमोर बसले. ओठ नीट हलवून, सावकाश म्हणाले, "कुमी, कुठं दुखतं?" कुमीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. आणि तिचे जे हात पोटाशी होते ते तिनं पटकन एकावर एक ठेवले आणि चादरीखाली सारले.

मी तिथंच उभी होते. मला वाटतं, मास्तरांना आणि मला ते एकदमच कळलं. मास्तरांनी चादर वर केली. तिचे हात बाहेर घेतले, उघडले आणि पोटावर ठेवले. "सांग. असं सांग. हातानं सांग, बाळा." तिनं ते हात पुन्हा जुळवून आत नेले. बाबा परीक्षा बघतायत असं तिला वाटत होतं. मास्तरांनी पुन्हा बाहेर काढले, तिनं पुन्हा आत घेतले. हात काढ, बोल, माझी आता हरकत नाही, एवढं सांगायला त्यांच्यापाशी एकही खूण नव्हती. तिची एकसुद्धा खूण ते कधी शिकले नव्हते. मी पुढं झाले, मला येत होतं तेवढं हातांनी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि मान हलवली. मग दुखण्यानं तोंड वाकडं झालेलं असतानाही तिनं ओठ जुळवले आणि म्हणाली, "पाणी. बाबा." आजवर इतकं स्वच्छ ती कधी म्हणाली नव्हती. मास्तर उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं आणि सकाळपर्यंत उतार पडला नाही तर इस्पितळात न्या म्हणाले. उतार पडला नाही. इस्पितळात सांगितलं की आतडं आत फुटलं आहे, कालच आणायला हवं होतं.

पनवेलला निरोप गेला होता. दुपारी वहिनी आल्या. मी त्यांच्यामागून खोलीत गेले. कुमी डोळे मिटून पडली होती. आईचा हात लागताच तिनं डोळे उघडले, आणि चादरीतून तिचे हात बाहेर आले. काय काय सांगत होती. भराभर, थकलेल्या बोटांनी, मधेच थांबून दम घेऊन. पोट आधी कुठं दुखलं, मग दुखणं कुठं सरकलं, ओकारी कधी झाली, मला एवढंच उमगलं. वहिनी रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या आणि उत्तरं देत होत्या. पलंगाच्या पायथ्याशी मास्तर उभे होते. परगावच्या बाजारात भाषा न कळणारा माणूस उभा राहावा तसे.

मग कुमीची नजर त्यांच्यावर गेली. तिचे हात थबकले आणि खाली यायला लागले.

मास्तर वळले आणि खोलीबाहेर गेले. मीही त्यांच्यामागून बाहेर आले, तसं त्यांनी दार लोटून घेतलं. बाहेरच्या बाकावर ते डोक्याची टोपी काढून बसले आणि आतलं बोलणं संपेपर्यंत आत आले नाहीत. आतून काही ऐकू यायचं कारणच नव्हतं. तरी ते दाराकडं कान करून बसले होते. आयुष्यात मी पुष्कळ माणसं रडताना पाहिली आहेत, पण त्या बाकावर कोरड्या डोळ्यांनी बसलेले मास्तर मी अजून विसरलेले नाही. कुमी दुसऱ्या दिवशी गेली.

पुढच्या जूनमध्ये नवा वर्ग भरला. माझा तास शेजारच्याच वर्गावर होता. मधली लाकडी फळ्यांची भिंत अर्धीच असल्यामुळं सगळं ऐकू यायचं. मास्तरांनी खडू घेतल्याचं ऐकू आलं. "भाषा म्हणजे," ते म्हणाले. खडू थोडा चालला आणि थांबला. मुलं वाट बघत राहिली. मी दारात जाऊन पाहिलं. फळ्यावर 'भाषा म्हणजे' एवढंच होतं आणि मास्तर पुढच्या रिकाम्या जागेकडं बघत उभे होते. "सर, पुढं काय लिहू?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. "जागा सोड," ते म्हणाले. त्यांनी दुसरं काहीतरी शिकवायला घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते शाळेत आलेच नाहीत, राजीनामा दिल्याचं कळलं.

ती दोघं आंबिवलीला गेली. तिथल्या एका कारखान्याच्या कचेरीत त्यांना कारकुनी मिळाली होती. जायचं जायचं म्हणत माझी दोन-तीन वर्षं गेली. मग एका रविवारी चकल्यांचा डबा घेऊन मी गेले. तीच आमची शेवटची भेट.

स्टेशनपासून लांब, शेताच्या कडेला बैठं घर होतं. मास्तर केसांनी पांढरे झाले होते, पण मला बघून मनापासून हसले. "या बाई. मी हल्ली विद्यार्थी आहे." ओट्यावर सतरंजी होती. वहिनी समोर बसल्या आणि त्यांचा धडा माझ्यादेखतच पुढं सुरू झाला. वहिनी हातानं काही करायच्या, मास्तर तसंच करायचे. त्यांची बोटं ताठर होती, वळायची नाहीत. वहिनी त्यांचं बोट धरून वाकवायच्या. अंगठ्याची बाजू चुकली तर मान हलवायच्या. मास्तर निमूटपणे पुन्हा करायचे.

"ही भाषा बोलणारी दोन माणसं होती," ते मला म्हणाले. "आता एकच आहे. मी शिकलो की पुन्हा दोन होतील." मग वर्गातल्यासारखे पुढं सरसावून त्यांनी हात दाखवला. "हे बघा. हात तोच, जागा तीच. तळवा आत असला तर 'ये', बाहेर असला तर 'थांब'. नुसता एवढा फरक, आणि अर्थ पालटला. सगळं होतं, बाई. फरक होते, व्यवस्था होती, दोन माणसांची मान्यता होती. आवाज ऐकायला मी माजिवड्यापर्यंत पायपीट करत होतो. आणि माझ्या चुलीपुढं..." ते थांबले. वहिनींनी त्यांचा हात घेऊन पुढची खूण दाखवली.

"आज नावं करू," वहिनी म्हणाल्या. "कुमीनं सगळ्यांना नावं ठेवली होती, सुमतीताई. तुम्हांला माहीतच आहे." मिशीला पीळ दिला की चाळमालक. एक खांदा खाली टाकला की लंगडणारा दूधवाला. कपाळावर बोट टेकलं की आई. मानेमागं बोट गोल फिरवलं की मी, माझ्या अंबाड्यावरून. मास्तरांनी माझं नाव करून दाखवलं आणि खळखळून हसले. कुमी गेल्यावर त्यांचं असं हसणं मी प्रथमच ऐकत होते.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मला काय म्हणायची ती?"

मला ते माहीत होतं. खोपटच्या ओट्यावर मी ते रोज पाहिलं होतं. गल्लीच्या तोंडाशी मास्तर दिसले की कुमी आईला ती खूण करायची आणि दोघी गप्प व्हायच्या. एक हात मांडीत ठेवायचा, दुसरा त्याच्यावर ठेवायचा आणि दाबून धरायचा. ते त्यांचं नाव होतं.

वहिनी चहाचा कप उचलत होत्या, तो त्यांनी खाली ठेवला. माझ्याकडं एकदा पाहिलं. मग बोटांची मागची बाजू आपल्या गालावरून हलकेच वरून खाली ओढली. "असं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिचा पापा घ्यायचात ना, तेव्हा दाढी टोचायची तिला. म्हणून."

मास्तर माझ्याकडं वळले. "हो," मी म्हटलं. "असंच करायची."

त्यांनी गालावरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. वहिनींनी त्यांचं मनगट जरा वळवून दिलं आणि मग मान डोलावली. बरोबर जमलं होतं. पुढं चहा झाला, चकल्या झाल्या, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मधेच केव्हातरी त्यांचा हात गालाकडं जाऊन यायचा.

गाडीची वेळ झाली म्हणून मी निघाले. शेताच्या बांधावरून बरंच पुढं गेल्यावर वळून पाहिलं. इतक्या लांबून हाक पोचली नसती. मास्तर ओट्याच्या पायरीवर उभे होते. त्यांनी हात वर केला, मानेमागं बोट गोल फिरवलं, माझं नाव घेतलं. मग त्याच हाताची बोटं गालावरून हळूच खाली आणली आणि आपलं नाव सांगितलं.